विकिपीडियावरचं आपलं संपादन पुन्हा पुन्हा उडतं तेव्हा: बेन किंग्जलींच्या पानावर शिकलेल्या गोष्टी

रात्री साडेअकराला बदल जतन केला, पानावर तो डोळ्यांनी पाहिला आणि समाधानाने झोपलो. सकाळी चहाबरोबर पान पुन्हा उघडलं तर आपली ओळ गायब. एकदा झालं तर माणूस हसून सोडून देतो. तिसऱ्यांदा झालं की "तिथे आपल्या लोकांना लिहूच देत नाहीत" असं म्हणून मोकळा होतो. मीही तसाच मोकळा झालो होतो.

दिवसा मी छापखान्यात प्रुफं वाचतो, त्यामुळे चूक दिसली की हात शिवशिवतात. 'गांधी'ची वेशभूषा करणाऱ्या भानू अथैय्या आमच्या कोल्हापूरच्या, म्हणून इंग्रजी विकिपीडियावर 'गांधी' चित्रपटाचं पान वाचायला गेलो आणि तिथून गांधींची भूमिका करणाऱ्या ब्रिटिश नटाच्या, बेन किंग्जलींच्या, पानावर पोचलो. पहिल्याच आठवड्यात माझी पाच संपादनं उडाली. पाचही माझ्याच चुकीने, हे कळायला बराच काळ गेला. त्यानंतर ज्येष्ठ ब्रिटिश नटांच्या पानांवर हाच बिघाड मी इतक्यांदा दुरुस्त केला आहे की आता कुणी स्क्रीनशॉट पाठवला तर कारण काय असणार याचा अंदाज आधीच येतो. खाली तपासण्या सोप्यापासून अवघडाकडे लावल्या आहेत. क्रम मोडू नका. बहुतेक लोक थेट शेवटच्या पायरीवर, म्हणजे भांडणावर, उडी मारतात.

लक्षणं

– बदल जतन झाला, दिसलाही, पण काही सेकंदांत किंवा काही तासांत पान पूर्ववत.
– जतन केल्याचा संदेश आला, पण पानावर बदल दिसलाच नाही.
– 'एडिट'च्या जागी 'व्ह्यू सोर्स' दिसतंय आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यात कुलपाचं चिन्ह आहे.
– मोबाइलवरून संपादन करताना "तुमचा आयपी पत्ता रोखला आहे" असं येतं. तुम्ही तर आयुष्यात काही लिहिलेलं नाही.
– वय, ऑस्करचं साल, नावापुढचं 'सर' अशी एकच बारीक गोष्ट तुम्ही दुरुस्त करता आणि कुणीतरी दर वेळी परत 'बिघडवतं'.
– मराठी पानावर मजकूर सुधारला, पण शेजारच्या माहितीचौकटीत जुनंच दिसतंय.
– तुमच्या चर्चा पानावर इशाऱ्याचा डबा आला आहे.

आधी इतिहास उघडा

दोन मिनिटांचं काम, खर्च शून्य, तरी दहा जणांना विचारलं तर आठ जणांनी केलेलं नसतं. इंग्रजी पानावर 'व्ह्यू हिस्ट्री', मराठीवर 'इतिहास पहा'. तिथे प्रत्येक बदलापुढे तो कुणी केला, किती वाजता केला आणि एका ओळीत का केला, हे लिहिलेलं असतं. तुमची ओळ काढणाऱ्यानेही बहुधा कारण लिहिलेलं असतं. फक्त ते पानावर दिसत नाही, इतिहासात दिसतं.

ही कारणं तारेच्या भाषेत असतात, म्हणून थोडी फोड करतो. 'अनसोर्स्ड' म्हणजे संदर्भ नाही. 'ओ.आर.' म्हणजे तुम्ही स्वतः लावलेला निष्कर्ष, कुणी छापलेला नाही. 'बी.एल.पी.' दिसलं तर सावध व्हा: हयात व्यक्तींच्या चरित्राचा नियम, तिथला सगळ्यात कडक. 'आर.व्ही.व्ही.' म्हणजे तुमचं संपादन नासधूस समजून उलटवलं. हे शेवटचं वाचून राग येतो, पण संपादनाचा सारांश, म्हणजे ती एका ओळीतली कारणाची जागा, रिकामा सोडणाऱ्या नवख्या खात्याबद्दल समोरच्याला काय दिसतं, याचा विचार करा. 'नातवाने शाळेच्या संगणकावरून गंमत केली' आणि 'वाचकाने चूक सुधारली' या दोन गोष्टी इतिहासाच्या यादीत सारख्याच दिसतात. सारांशात पाच शब्द लिहा. तेवढ्यानेही फरक पडतो.

बदल काही सेकंदांतच उडाला असेल तर तो माणसाने नव्हे, सांगकाम्याने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमने (बॉटने) उडवला. इंग्रजी विकिपीडियावर क्लूबॉट एनजी नावाचा सांगकाम्या नासधुशीसारखं दिसणारं सगळं उलटवत फिरतो. कधीमधी त्याचा नेम चुकतो. त्याच्याशी वाद घालू नका, चुकीची तक्रार नोंदवायची जागा त्याच्या सारांशातच दिलेली असते.

कुलूप, लॉगिन, शिळं पान

बदल दिसतच नसेल तर आधी इतिहासात तुमची नोंद आहे का पाहा. नोंद आहे आणि पान जुनं दिसतंय, म्हणजे ब्राउझर साठवलेली शिळी प्रत दाखवतोय. पान पुन्हा लोड करा. गूगलच्या उजवीकडच्या चौकटीत जुनी माहिती दिसते म्हणून विकिपीडियावर बदल करणारेही भेटलेत. ती चौकट गूगलची. विकिपीडिया सुधारल्यावर ती कधी बदलेल, हे तुमच्या हातात नाही.

कुलूप असलेल्या पानावर नवीन खात्याला लिहिता येत नाही. साधं कुलूप असेल तर इंग्रजी विकिपीडियावर खातं चार दिवसांचं आणि किमान १० संपादनांचं असावं लागतं. वरच्या दर्जाच्या कुलपासाठी ३० दिवस आणि ५०० संपादनं. ती १० संपादनं कुठेतरी स्वल्पविराम टाकून भरू नका, ते लगेच ओळखू येतं. आपल्या गावाच्या, तालुक्याच्या, शाळेतल्या कवितेच्या पानांवर खरी कामं पडलेली आहेत.

आयपीचा संदेश आपल्याकडे फार जणांना येतो. मोबाइल कंपन्या एकच पत्ता शेकडो ग्राहकांत वाटतात. त्यातल्या कुणी दुसऱ्याने धुडगूस घातला की अख्खा पत्ता रोखला जातो आणि त्यात आपण सापडतो. खात्यातून लॉगिन करून पाहा. तरी अडलं तर घरच्या वायफायवरून. तरीही अडलं तर संदेशातच सूट मागायची वाट दिलेली असते.

ती चूक खरंच चूक आहे का?

इथे थांबून नीट वाचा. पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या दुरुस्त्यांतला मोठा वाटा अशा गोष्टींचा असतो, ज्या मुळात बरोबर होत्या. किंग्जलींचं पान त्यासाठी नमुना म्हणून घेण्यासारखं आहे.

वय. किंग्जलींचा जन्म ३१ डिसेंबर १९४३ चा, यॉर्कशरमधल्या स्नेंटन या गावचा. आपण वय काढतो ते चालू सालातून जन्मसाल वजा करून. वर्षाच्या शेवटच्या दिवशी जन्मलेल्या माणसाच्या बाबतीत हा हिशोब वर्षातले ३६४ दिवस एकाने चुकतो. २०२४ चं अख्खं वर्ष ते ८० वर्षांचे होते, ८१ वे वर्ष पूर्ण झालं ते ३१ डिसेंबरला. त्यातून माहितीचौकटीतलं वय कुणी टाइप केलेलं नसतं. जन्मतारखेच्या साच्यातून, म्हणजे तयार नमुन्यातून, ते आपोआप मोजलं जातं. तुम्ही तिथे हाताने आकडा लिहिलात की साचा मोडतो आणि कुणीतरी तो पुन्हा बसवतं. हेच तुम्हाला 'बिघडवणं' वाटतं.

ऑस्करचं साल. 'गांधी' १९८२ चा. पुरस्कार सोहळा झाला ११ एप्रिल १९८३ ला. कुणी १९८२ लिहितो, कुणी १९८३, आणि दोघंही समोरच्याला अडाणी समजतात. तक्त्यात कुठलं साल धरलंय, चित्रपटाचं की सोहळ्याचं, हे स्तंभाच्या मथळ्यावरून पाहायचं आणि अख्ख्या तक्त्यात तेच ठेवायचं. 'सेक्सी बीस्ट'ची गंमत याहून मोठी. तो २००० साली टोरंटोच्या महोत्सवात दिसला, ब्रिटनमध्ये जानेवारी २००१ मध्ये लागला आणि त्यासाठी किंग्जलींना नामांकन मिळालं त्या ऑस्करचा सोहळा झाला मार्च २००२ मध्ये. एकाच चित्रपटाची तीन सालं, तिन्ही खरी. अशा ठिकाणी एकच आकडा बदलून गेलात की पुढचा माणूस तो परत बदलणारच.

'सर्वांत आश्वासक नवोदित' हा बाफ्टा, म्हणजे ब्रिटनचा चित्रपट पुरस्कार. हा दिसला की लोकांना वाटतं कुणीतरी खोडसाळपणा केला. वयाच्या चाळिशीला टेकलेला, १९६७ पासून रॉयल शेक्सपिअर कंपनीत मुरलेला नट नवोदित कसा? मी स्वतः ती ओळ काढली होती. पण पुरस्कार चित्रपटातल्या प्रमुख भूमिकांमधल्या नवोदितासाठी होता, रंगभूमीचा तिथे संबंध नव्हता. त्याच सोहळ्यात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा बाफ्टाही मिळाला. म्हणजे एकाच भूमिकेसाठी एकाच रात्री नवोदितही आणि सर्वोत्कृष्टही. ऐकायला विचित्र वाटतं म्हणून ते खोटं ठरत नाही.

आणि 'गांधी' हा त्यांचा पहिला चित्रपट, हे वाक्य. नाही. त्याच्या दहा वर्षं आधी 'फिअर इज द की'मध्ये ते आहेत. हे वाक्य मराठी लेखांतून इतक्यांदा छापलं गेलंय की नवा संपादक ते छातीठोकपणे घालतो, लेखाचा संदर्भही देतो, आणि तरी ते उडतं.

नाव, 'सर' आणि 'भारतीय वंशाचे'

माझ्या पाचातली तीन संपादनं इथे गेली.

आपल्या वर्तमानपत्रांत 'सर किंग्जली' असं सर्रास छापतात. इंग्रजी रीत अशी की 'सर' किंवा स्त्रियांसाठीचं 'डेम' हे पहिल्या नावाला लागतं: सर बेन, डेम मॅगी, डेम ज्यूडी. आडनावाला एकटं लागत नाही. किंग्जलींना सरदारकी मिळाली २००२ च्या नववर्ष सन्मानांत. विकिपीडियावर पहिल्या उल्लेखात 'सर' येतं. पुढे सगळीकडे नुसतं आडनाव, 'किंग्जली'. यात अनादर नाही. आपल्याला मात्र ते एकेरी वाटतं, म्हणून आपण प्रत्येक ओळीत 'सर' घालत सुटतो आणि कुणीतरी मागून ते वेचत येतो. मराठी विकिपीडियावर आदरार्थी क्रियापद वापरायची मोकळीक आहे, हौस तिथे भागवावी.

जन्मनाव कृष्णा भानजी. त्यावरून पानाचं शीर्षकच बदलायचा प्रयत्न होतो. शीर्षक ठरतं ते माणूस ज्या नावाने सर्वत्र ओळखला जातो त्यावरून. जन्मनाव मजकुरात येतंच. मायकेल केन यांचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्यांचं खरं नाव मॉरिस मिकलव्हाइट. २००० मध्ये सरदारकी मिळाली तीही सर मॉरिस मिकलव्हाइट म्हणून. कायद्याने 'मायकेल केन' हे नाव त्यांनी घेतलं २०१६ मध्ये, विमानतळावरच्या तपासणीत दोन नावांचा घोळ होतो म्हणून वैतागून. पण २०१६ च्या आधीही त्यांना शोधणारा वाचक 'मायकेल केन' असंच टाइप करत होता.

आता सगळ्यात हळवी गोष्ट. किंग्जलींचे वडील रहीमतुल्ला हरजी भानजी डॉक्टर होते, गुजराती खोजा घराण्यातले, जन्म पूर्व आफ्रिकेतला. आई इंग्लिश. त्यामुळे आपल्यातला कुणी ना कुणी पानाच्या पहिल्याच वाक्यात 'भारतीय वंशाचे अभिनेते' घालतो. मीही घातलं. तीनदा. नियम असा की पहिल्या वाक्यात नागरिकत्व येतं. वंश, धर्म, जात हे सहसा येत नाही, जोवर ती व्यक्ती मुख्यतः त्याच कारणाने प्रसिद्ध नसते. घराण्याची माहिती 'सुरुवातीचं आयुष्य' या भागात संदर्भासकट असते. ती तिथे आहे का, नीट आहे का, हे पाहा. मी तेव्हा पहिल्या वाक्यासाठी भांडत होतो आणि खालचा भाग वाचलाच नव्हता. आपल्या सरकारने त्यांना १९८४ मध्ये पद्मश्री दिली, ती सन्मानांच्या यादीत येते, त्यावर कुणाचा आक्षेप नाही.

'इंग्लिश' की 'ब्रिटिश', 'स्कॉटिश' की 'ब्रिटिश' हाही असाच खड्डा. त्यात उडी मारू नका. तिथले लोक त्यावर पिढ्यानपिढ्या वाद घालतायत, आपण परगावचे.

संदर्भ: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

इतिहासात कारण 'अनसोर्स्ड' असेल तर औषध सरळ आहे, पण कुठलंही औषध चालत नाही.

हयात माणसाबद्दल वादग्रस्त आणि बिनसंदर्भाची ओळ दिसली तर ती चर्चा न करता लगेच काढायची मुभा प्रत्येक संपादकाला आहे. सिद्ध करायची जबाबदारी घालणाऱ्यावर, काढणाऱ्यावर नाही. हा कडकपणा उगाच आलेला नाही. २००५ मध्ये जॉन सायगेन्थेलर या अमेरिकी पत्रकाराच्या चरित्रात कुणीतरी त्यांचं नाव केनेडींच्या हत्येशी जोडलं आणि ते चार महिने तसंच राहिलं. त्यानंतर हयात व्यक्तींचा नियम वेगळा लिहिला गेला.

काय चालत नाही, ते आधी. आयएमडीबी हे चित्रपटांच्या माहितीचं संकेतस्थळ चालत नाही, कारण तिथली माहिती वापरकर्तेच भरतात; चित्रपट शोधायला वापरा, पुरावा म्हणून नको. 'डेली मेल' हे ब्रिटिश वृत्तपत्र इंग्रजी विकिपीडियाने २०१७ पासून जवळपास बाद केलंय, आणि ब्रिटिश नटांच्या खासगी आयुष्यावर शोधलं की पहिलं तेच येतं. चाहत्यांची पानं, ब्लॉग, यूट्यूबवरचे 'नेट वर्थ' सांगणारे व्हिडिओ, नाही. दुसऱ्या भाषेतला विकिपीडियाही नाही.

काय चालतं? सन्मानांसाठी 'लंडन गॅझेट'. ब्रिटनमधली अधिकृत सन्मानयादी तिथे छापून येते. ऑस्करसाठी अकादमीची स्वतःची पुरस्कारांची नोंद. कारकिर्दीसाठी बीबीसी, 'द गार्डियन', ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट, प्रकाशकाने काढलेली चरित्रं. मराठी वर्तमानपत्राचा संदर्भही चालतो, भाषा इंग्रजीच हवी असा नियम नाही. पण कुणी विचारलं तर मूळ मराठी वाक्य आणि त्याचं भाषांतर देता आलं पाहिजे. मराठी बातमी जर इंग्रजीवरून उचललेली असेल तर मूळ इंग्रजीच द्या.

एक सापळा अनुभवी लोकांनाही पकडतो. बातमीदार विकिपीडिया वाचून बातमी लिहितो, मग तीच बातमी विकिपीडियावर संदर्भ म्हणून येते. साप स्वतःचं शेपूट गिळतो. २००७ मध्ये ब्रिटिश संगीतकार रॉनी हेझलहर्स्ट वारले. त्यांच्या विकिपीडिया पानावर कुणीतरी खोटंच लिहिलं होतं की एस क्लब सेव्हन या पॉप गटाचं 'रीच' हे गाणं त्यांच्याशी संबंधित आहे. ब्रिटनमधल्या नामांकित वृत्तपत्रांनी मृत्युलेखात ते छापलं. म्हणून तुमची ओळ जर एखाद्या बातमीवर उभी असेल, तर बातमीची तारीख आणि इतिहासात ती ओळ पहिल्यांदा कधी आली ती तारीख ताडून पाहा. ओळ बातमीच्या आधीची निघाली तर तो संदर्भ सोडून द्या.

आणि संदर्भ दिल्यावरही उडालं तर संदर्भ स्वतः वाचा, शब्द न् शब्द. तुम्ही 'एकमेव' लिहिलंय आणि बातमीत 'पहिल्यांपैकी एक' आहे का? प्रुफं वाचणाऱ्याला हे जमायला हवं होतं. मला जमलं नव्हतं.

ओळ बरोबर, पान चुकीचं

भानू अथैय्यांना 'गांधी'साठी वेशभूषेचं ऑस्कर मिळालं, जॉन मोलोंसह. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. रोहिणी हट्टंगडींना कस्तुरबांसाठी बाफ्टा मिळाला, मॉरीन स्टेपलटन यांच्याबरोबर विभागून. डॉ. श्रीराम लागू गोखले झाले होते. हे सगळं मी अभिमानाने किंग्जलींच्या चरित्रात घातलं, संदर्भांसकट, आणि सगळं निघालं. वाईट वाटलं. पण चरित्र किंग्जलींचं. या ओळी 'गांधी'च्या पानाच्या आणि ज्या त्या व्यक्तीच्या पानाच्या. तिथे त्या टिकतात. जाता जाता: 'जॉन मोलोंसह' आणि 'विभागून' हे शब्द गाळू नका. आपल्याकडच्या लेखांत ते हमखास गळतात आणि मग पूर्ण वाक्यावर संशय येतो.

याच जातीचा आणखी एक प्रकार: आगामी चित्रपट. घोषणा झाली म्हणजे चित्रपट झाला असं नाही. चित्रीकरण सुरू झाल्याचा भरवशाचा संदर्भ मिळेपर्यंत तक्त्यात घालू नका.

दडलेल्या सूचना, ब्रिटिश स्पेलिंग, चौकट

इथून पुढे थोडं हात काळे करावे लागतात. पान 'एडिट सोर्स'मधून उघडा. मजकुरात मध्येच कंसांत दडलेल्या टिपा असतात, वाचकाला न दिसणाऱ्या: "चर्चा पान पाहिल्याशिवाय हे बदलू नका" अशा अर्थाच्या. जिथे वाद होऊन गेलाय तिथेच त्या असतात. तुमची ओळ बरोबर अशाच टिपेच्या शेजारी असेल तर उत्तर सापडलं: हा प्रश्न आधी कुणीतरी सोडवून ठेवलाय.

पानाच्या माथ्यावर ब्रिटिश इंग्रजी आणि दिवस-महिना-वर्ष हा तारखेचा क्रम पाळायच्या खुणा असतात. ब्रिटिश नटाच्या पानावर 'थिएटर'चं अमेरिकी स्पेलिंग केलंत की ते परत फिरतं. फोनचा स्पेलचेक बहुधा अमेरिकी असतो आणि तुमच्या नकळत चार शब्द बदलून ठेवतो. जतन करण्याआधी 'शो चेंजेस' पाहायची सवय लावा.

मराठी पानावरच्या चौकटीचा घोळ निराळा. काही साचे जन्मतारीख, जोडीदार, छायाचित्र ही माहिती पानातून न घेता विकिडेटावरून, म्हणजे सगळ्या भाषांच्या सामाईक माहितीसाठ्यातून, ओढतात. पानाच्या मजकुरात तुम्ही काहीही करा, चौकट ढिम्म. दुरुस्ती विकिडेटावर करायची, संदर्भ जोडून. पण तिथला एक बदल अनेक भाषांतल्या पानांवर उमटतो, म्हणून दोनदा तपासा. प्रयोग करायचे तर धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, करा, ती त्यासाठीच आहे.

छायाचित्र उडत असेल तर फार शोधू नका. चित्रपटातलं दृश्य, वृत्तसंस्थेचा फोटो, गूगलवरून उतरवलेला चेहरा, काहीच चालत नाही. माणूस हयात आहे, म्हणजे कुणीतरी स्वतः फोटो काढून मुक्त परवान्याने देऊ शकतो, असा तिथला विचार.

चर्चा पान, आणि तिथेही नाही जमलं तर

इथपर्यंत सगळं तपासलं आणि तरी तुमचं बरोबर आहे अशी खात्री असेल, तर ओळ पुन्हा घालू नका. २४ तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवाउलटवी केली की खात्यावर बंदी येऊ शकते, तुमचं म्हणणं बरोबर असलं तरी. तीनदा हा 'कोटा'ही नाही. दोनदा केलं तरी भांडखोर ठरता येतं.

लेखाच्या चर्चा पानावर लिहा. आधी जुन्या चर्चा शोधा, त्या दप्तरात असतात. मग तीन ओळी: आत्ता काय आहे, काय हवं, हा संदर्भ. 'भारतीयांवर अन्याय' हे शब्द लिहिलेत तर संदर्भ कुणी वाचणार नाही. काही दिवस थांबा, समोरचा माणूसही नोकरी करून रात्री लिहिणारा आहे. वाद दोघांतच असेल तर तिसऱ्याचं मत मागता येतं. हयात व्यक्तींच्या प्रश्नांसाठी वेगळी चावडी आहे, तिथे जाणती मंडळी लक्ष ठेवून असतात. त्यापुढे खुली मतमागणी, ती साधारण ३० दिवस चालते. एका विशेषणासाठी महिना घालवायचा का, ते आपलं आपण ठरवावं. मी एकदा घालवला, हरलो.

इथे हात आखडा, दुसऱ्याला बोलवा

निधनाची अफवा. ज्येष्ठ नट म्हटले की व्हॉट्सॅपवर दर काही महिन्यांनी श्रद्धांजली फिरते. 'आहेत'चं 'होते' करण्याआधी मोठ्या वृत्तसंस्थेची बातमी हवी. दुसऱ्या कुणी केलं असेल आणि पान उकळत असेल तर स्वतः उलटवाउलटवी न करता प्रचालकांकडे, म्हणजे जादा अधिकार असलेल्या सदस्यांकडे, पान संरक्षित करायची विनंती करा.

पत्ता, फोन, आजारपणाचे कागद, अल्पवयीन नातवंडांची नावं असं काही दिसलं तर चर्चा पानावर बोभाटा करू नका. ओळ काढली तरी इतिहासात ती दिसत राहते, आणि तुमचा बोभाटा लोकांना तिकडेच नेतो. ती नोंद इतिहासातूनही लपवायचे अधिकार मोजक्या सदस्यांना आहेत. त्यांना ईमेल करायचा आणि गप्प बसायचं.

तुम्ही त्या नटाचे नातेवाईक, व्यवस्थापक, प्रसिद्धी पाहणारे असाल तर पानाला हात लावू नका. संबंध उघड करून चर्चा पानावर बदलाची विनंती ठेवा. मजकूर बदनामीकारक असेल तर विकिपीडियाच्या ईमेलला उत्तर देणारं स्वयंसेवकांचं पथक आहे, संबंधित व्यक्तीने त्यांना लिहावं. त्यानेही भागलं नाही तर वकील. मात्र पानावर "कोर्टात खेचतो" असं लिहू नका. धमकी मागे घेईपर्यंत खातं बंद होतं, आणि मग साधी विनंतीही करता येत नाही.

'पैसे द्या, तुमचं विकिपीडिया पान पक्कं करून देतो' असे मेसेज याच सुमारास यायला लागतात. संपादनं उडालेली इतिहासात सगळ्यांना दिसतात, तशी ती त्यांनाही दिसतात. प्रचालक कुणाकडून पैसे घेत नाहीत आणि कुठलंही पान 'पक्कं' होत नाही. मेसेज पुसून टाका आणि पुन्हा इतिहासाच्या टॅबवर जा.